पाचवा शब्द

१

हे कुणालाही सांगायचं नाही, असं पप्पांनी मला तीनदा बजावलं होतं. एकदा बारामतीच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर, एकदा गाडीत, आणि एकदा घरी आल्यावर बेसिनपाशी हात धुताना, माझ्याकडे न बघता. मी मान हलवली. माझी त्यांना फारशी काळजी नव्हती, कारण मी तशीही कमीच बोलते. शाळेत हजेरीला माझा नंबर आला की मी 'हजर' म्हणते, ते पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. बाई मान वर करून मी आलेय का ते डोळ्यांनीच बघतात.

आत्ताही मी बोलत नाहीये, लिहितेय. लिहिणं म्हणजे सांगणं होतं का, हे मला ठरवता आलेलं नाही.

आज रविवार. साडेनऊ झालेत. घरात मी एकटी आहे. पप्पा आणि आई आक्काला घेऊन बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेत, दुपारी जेवायच्या वेळेला येतील. मलाही चल म्हणत होते. पोटात दुखतंय म्हणून मी खोटं सांगितलं. अकरा वाजून पाच मिनिटांच्या आत माझं लिहून झालं पाहिजे, म्हणून अक्षर जरा बिघडलंय.

२

तात्या माझे आजोबा, पप्पांचे वडील. चौतीस वर्षं ते साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, कारण पप्पा इथं कंपनीत आहेत. लॅबमध्ये दर तासाला उसाच्या रसाचा नमुना यायचा. त्याचे दोन भाग करायचे. एक तपासायचा आणि एक चिठ्ठी लावून राखून ठेवायचा, म्हणजे उद्या कुणी शंका काढली तर परत बघता येतं. ही पद्धत त्यांनी घरातही आणली होती. आईनं नवीन तूरडाळ आणली तरी त्यातली मूठभर बाटलीत काढून वर तारीख लिहायचे. आई म्हणायची, मामंजी, डाळीवर कोण केस करणार आहे?

साखर बघायची त्यांची एक रीत होती. चिमूटभर दाणे अंगठा आणि पहिल्या बोटात धरून हळूहळू चोळायचे, मान किंचित डावीकडे झुकवून. दाणा केवढा, ओल किती, हे बोटांनाच कळतं म्हणायचे. पुढे पुढे हातात साखर नसतानाही बोटं चालायला लागली. काही आठवत बसले की हमखास.

चार वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराकडे यायचा रस्ता. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा तात्यांनी विचारलं की हा कशानं होतो ते पक्कं कसं कळतं. डॉक्टर म्हणाले, पक्कं कळतं ते माणूस गेल्यावर, मेंदू उघडून बघितला तरच. परतताना तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. बारामती मागं पडल्यावर म्हणाले, "माऊली, नमुना दिल्याबिगर कळायचं कसं?"

माऊली हे माझ्या पप्पांचं नाव.

मेल्यावर मेंदू संशोधनाला द्यायचा, हा अर्ज तात्यांनी स्वतः भरला. तेव्हा त्यांना सगळं समजत होतं. प्रत्येक पानावर शाईच्या पेनानं सही केली. पप्पांनी साक्षीदार म्हणून सही केली, पण एका अटीवर. भावकीत कळता कामा नये, आणि आक्काला तर नाहीच. आक्का म्हणजे धोंडाबाई, तात्यांची थोरली बहीण. निमगाव केतकीला असते. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि अजून चुलीजवळ बसल्या बसल्या पुऱ्या घरावर नजर ठेवते.

त्या पुण्याच्या संस्थेनं एक वही आणि एक कार्ड पाठवलं होतं. दर रविवारी अकरा वाजता घरच्यांनी चाचणी घ्यायची. पेशंटला पाच साधे शब्द वाचून दाखवायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि मग विचारायचं. आठवेल त्या शब्दाच्या रकान्यात वहीत खूण करायची आणि किती आठवले तो आकडा शेवटच्या रकान्यात लिहायचा. सव्वाअकराला संस्थेतल्या रेश्मा मॅडमचा फोन यायचा, त्यांना सांगायचा. हे काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी मध्येमध्ये बोलत नाही. पाच मिनिटं मोजायला आईनं बारामतीहून टोमॅटोच्या आकाराचा टायमर आणला होता, पीळ दिला की टिकटिक करणारा.

कार्डावर खाली जाड अक्षरात छापलं होतं: 'आठवत नसल्यास सुचवू नये. थांबावे.'

३

शब्दांच्या छापील याद्याही संस्थेनंच दिल्या होत्या. पण त्या रविवारी मी यादी वापरली नाही. हे फक्त मलाच माहीत आहे.

घरात आणि शाळेतही मला सगळे छकुली म्हणतात. कागदावरचं माझं नाव वेगळं आहे, जरा जुन्या वळणाचं. ते तात्यांनी ठेवलेलं, आणि त्या नावानं हाक मारणारे फक्त तेच. पण गेले सात-आठ महिने ते मला नकोशी म्हणायला लागले होते. नकोशी ही त्यांची धाकटी बहीण, लहानपणीच वारलेली. मी समोर बसले की म्हणायचे, नकोशे, शाळेत गेली न्हायस? मी हसायचे. रात्री मात्र मला वाईट वाटायचं.

म्हणून मी एका चिठ्ठीवर माझे स्वतःचे पाच शब्द लिहिले. नारळ, भोंगा, कात्री, जिराफ. आणि पाचवा शब्द म्हणून माझं नाव. त्यांनी निदान एकदा, चाचणीत का होईना, ते म्हणावं असं मला वाटत होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही.

अकरा वाजता मी त्यांच्या खोलीत शब्द वाचले. ते वेताच्या खुर्चीत होते. त्यांनी पाचही शब्द लक्ष देऊन ऐकले. पाचव्याला माझ्याकडे बघितलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. मी टायमरला पीळ दिला. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं चालायला लागली, अंगठा आणि पहिलं बोट.

टायमर वाजला तेव्हा बोटं थांबलेली होती. मी विचारलं, तात्या, कोणते शब्द होते? ते बोलले नाहीत. सुचवू नये, थांबावे. म्हणून मी थांबले. दहा मिनिटं मी वही मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर उत्तराची वाट बघत बसले होते. मग फोन वाजला. रेश्मा मॅडम होत्या. त्यांनी आकडा विचारला, आणि तेव्हा मी तात्यांच्या हाताला हात लावला.

४

पुढचं सगळं घाईत झालं. मेंदू काही तासांच्या आतच काढावा लागतो. पप्पा सलूनमधून अर्धी दाढी पुसत आले. रुग्णवाहिका तात्यांना घेऊन बारामतीला गेली आणि पुण्याची माणसं तिकडून तिथं आली. आई घरी लोकांसाठी थांबली. पप्पांनी मला बरोबर नेलं, कारण वेळा आणि औषधं मला पाठ होती.

मी पायऱ्यांवर बसले होते. रेश्मा मॅडमला तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा त्या लहान होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यामागच्या माणसाकडे दोन डबे होते, एक साधा आणि एक बर्फाचा. एक तपासायला आणि एक राखून ठेवायला, हे मला न सांगताच कळलं. तात्यांना ही पद्धत आवडली असती. मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आजोबांनी मोठं काम केलं म्हणाल्या. मग आजची चाचणी झाली होती का, असं विचारलं.

"अर्धी," मी म्हणाले.

"मग तो रकाना रिकामा सोड."

तात्यांना घरी आणलं ते डोक्याला पांढरं गुंडाळून. खुर्चीतून पडले, डोक्याला लागलं, टाके घातले, असं पप्पांनी सगळ्यांना सांगितलं. अंघोळ घालताना आक्का हटून बसली. डोक्यावरूनच पाणी घातलं पाहिजे म्हणाली. पप्पा तांब्या धरून उभे राहिले, हलेनात.

"भावाला अर्धी आंगुळ घालून लावता व्हय रं?" आक्का म्हणाली. "आसं काय हाय त्या फडक्याखाली?"

"टाकं हायती आक्का," पप्पा म्हणाले. घरात ते असं बोलत नाहीत. घाबरले की त्यांची भाषा गावाकडे जाते.

आक्का त्या कापडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी पितळी बादलीवर नजर ठेवली.

५

आमच्याकडे चिता पेटली की माणसं लगेच उठत नाहीत. कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबतात. तो आला म्हणजे माणूस सुटला, असं धरून घरी परततात. पप्पा आल्या आल्या आक्कानं तेच विचारलं, आणि आला आवाज, असं पप्पांनी सांगितलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं की असा आवाज येण्यासारखं तिथं काही उरलेलं नव्हतं.

सातव्या दिवशी पुन्हा रविवार होता. भेटायला आलेली माणसं ओट्यावर बसली होती. मी चहाचे कप गोळा करत होते. पप्पांचे चुलत भाऊ अविराज काका दुसऱ्या एका पाहुण्याशी हळू आवाजात बोलत होते. दीड तास झाला तरी काही आवाज येईना, म्हातारी माणसं कुजबुजायला लागली, मग एकदम ठक्कन झालं आणि सगळे उठले, असं सांगत होते.

"पर लाकडं मी रचली हुती," ते म्हणाले. "तितं उशाला काय ठिवलं हुतं त्ये मला म्हाईत हाय."

आणि ते थांबले. गोष्ट रंगवायला माणसं थांबतात तसं नाही. विसरल्यासारखे. त्यांची मान किंचित डावीकडे झुकली.

"नारळ," ते म्हणाले. सपाट आवाजात, समोर कुणीच नसल्यासारखं.

मग डोळे मिचकावून पुढे बोलायला लागले. पप्पांनी चितेत, डोक्यापाशी, पाण्यानं भरलेला सोललेला नारळ ठेवला होता. तो फुटला आणि लोक फसले. पाहुणा हसला, म्हणाला, माऊलीला बायकोनं स्वयंपाकाला लवकर बोलावलं असंल. काकाही हसले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, आणि अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता.

माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. रविवारी त्या वेळेला ती सवयीनं जातेच. अकरा वाजून पाच.

मयताच्या घरात नारळ हा शब्द दिवसातून दहादा निघतो. मी स्वतःला हेच सांगितलं. पप्पांनी आणखी एक गोष्ट लपवली आहे, याचीच मला जास्त काळजी वाटत होती. काकांना नारळ दिसला होता, पण तो का ठेवला हे कळलं नव्हतं. आक्काच्या कानावर गेलं असतं तर तिला लगेच कळलं असतं.

६

चौदाव्या दिवशी, तेरावं होऊन गेल्यावर, घर रिकामं रिकामं वाटत होतं. आक्का मात्र थांबली. महिना होईस्तवर मी हलत न्हाय म्हणाली आणि तात्यांच्या खोलीच्या दारासमोर घोंगडं टाकून बसायला लागली. खोलीत काही बदललं नव्हतं. वेताची खुर्ची, बाटल्या, त्यांवरच्या तारखा. टायमर मी खिडकीत ठेवला होता.

त्या रविवारी पप्पा पेपर वाचत होते. अकरा वाजून पाच मिनिटांनी पेपर त्यांच्या गुडघ्यावर आला आणि ते म्हणाले, "भोंगा."

आई आतून म्हणाली, रविवारचा कुठला भोंगा? पप्पांनी दचकून वर बघितलं. भोंग्याचं कोण बोललं, असं त्यांनीच विचारलं. पेपरच्या कडेवर त्यांचा अंगठा घासून शाई पसरली होती.

मी माझी चिठ्ठी काढून बघितली. ती वहीच्या पुठ्ठ्याच्या आत होती, चिकटपट्टी लावलेली. पट्टी तशीच होती. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की रक्त मिळालं नाही तर मेंदू चार-पाच मिनिटांत थांबतो. पाच मिनिटं म्हणजे आमच्या टायमरएवढीच. मी वहीच्या मागच्या पानावर कारणं मांडली. एक, पप्पा कंपनीत आहेत, त्यांच्या तोंडी भोंगा येणारच. दोन, घरातली माणसं नकळत एकमेकांच्या लकबी उचलतात. तीन सुचलं नाही.

पुढच्या रविवारी मी आईच्या मागंमागं राहिले. ती कणीक मळत मागच्या दारात शेजारच्या काकूंशी बोलत होती. काकू त्यांच्या सुनेच्या कागाळ्या करत होत्या. आई मान डोलवत होती, आणि एकाएकी तिची मान एका बाजूला कलली आणि तिथंच राहिली. कणीक लागलेला अंगठा बोटावर गोल फिरायला लागला.

"कात्री," आई म्हणाली.

काकूंना वाटलं सुनेच्या जिभेबद्दलच बोलतेय. त्या खूप हसल्या. अगदी बरोबर बोललीस बाई, म्हणाल्या. आईही हसली, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपण काय बोललो ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या बोटांमध्ये कणकेचे बारीक बारीक दाणे झाले होते, साखरेएवढे.

त्या रात्री मी चिठ्ठी परत काढून बघितली. पप्पांना सांगावं असं वाटत होतं. पण काय सांगायचं? आणि मग चिठ्ठी दाखवावी लागली असती. पाचवा शब्द दाखवावा लागला असता.

७

चौथा शब्द मी मुद्दाम अवघड घेतला होता. आमच्या घरात जिराफाचं कधी काही निघत नाही. म्हणून चौथ्या रविवारी मला थोडा धीर होता. पप्पा आणि आई बाजाराला गेले होते. घरात मी आणि आक्का. आक्कानं तर जिराफ हे नावही ऐकलेलं नसणार. आज काही झालं नाही म्हणजे आधीचे तीनही योगायोग, असं मी ठरवून टाकलं.

आक्का घोंगड्यावर बसून तूर निवडत होती. मी समोर पुस्तक धरून बसले होते. ती मला विचारत होती की दहावीनंतर काय, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगत होती की नर्स हो, कोंबडं आरवायच्या आत उठायची सवय हाय तुला. तिचे खडे वेचणारे हात भराभर चालत होते. मग त्यांची चाल मंदावली. ताटातला एक दाणा तिनं उचलला आणि अंगठ्या-बोटात धरून चोळायला लागली. मान डावीकडे.

"जिराफ," आक्का म्हणाली.

दाणा ताटात पडल्याचा आवाज मी ऐकला.

आक्का ओठ पुसत माझ्याकडे बघायला लागली. "काय म्हनलं गं मी? काय आसतं त्ये?"

मी सांगितलं की लांब मानेचं एक जनावर असतं, झाडाचा शेंडा खातं. आक्का हसली, म्हणाली, आसलं कशापायी यील माज्या तोंडात. पण हसू अर्ध्यावर राहिलं. तिनं वळून मागं तात्यांच्या खोलीकडे बघितलं. खोलीत ऊन होतं. खुर्चीत कुणी नव्हतं.

"छकुले, मसनात आवाज झाला, त्यो माज्या सावळ्याचा न्हवता ना?"

सावळाराम हे तात्यांचं नाव. मी पुस्तकाचं पान उलटलं.

"तू बोलू नगंस. तुजं त्वांड बोलतंय," आक्का म्हणाली. तिनं ताट बाजूला सारलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता. "त्यो गेला न्हाय अजून. काय तर आठवत बसलाय. ल्हानपनी बी तसाच. आठवल्याबिगर उठायचा न्हाय पाटावरनं."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग माझा हात धरून म्हणाली, "नाव घिऊन हाक आली, तर पैल्या हाकंला ओ दिऊ नगंस."

का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

८

सव्वाअकराला फोन वाजला. तात्या गेल्यापासून रेश्मा मॅडमचा फोन आला नव्हता. फाइल बंद करायची आहे म्हणाल्या, दोन-चार तारखा जुळवायच्या होत्या. मी सांगितल्या. मग मी विचारलं की मॅडम, तात्यांच्या त्या भागांमध्ये आता काही चालू असतं का. त्या प्रेमानं म्हणाल्या, नाही गं, अर्धा औषधात आहे आणि अर्धा उणे ऐंशीला गोठवलेला. काहीही चालू नसतं. तू असा विचार करू नकोस.

"बरं, शेवटच्या रविवारचा आकडा चार, बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, तो रकाना रिकामा होता. तुम्हीच सोडायला सांगितला होता.

"इथं पेन्सिलीनं चार लिहिलंय. आधी एक होता वाटतं, मग दोन... खोडून खोडून कागद विरलाय बघ. तूच सांगितलं असशील ना फोनवर? दुसरं कोण सांगणार?"

कागद उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे एकच शब्द राहिला," मॅडम म्हणाल्या. "कोणता गं?"

मी फोन ठेवून दिला. त्यांना वाईट वाटलं असेल.

९

अकराला दहा कमी आहेत.

आठवडाभर मी एकच गोष्ट उलटून-पालटून बघितली. त्या वेळेला जे घरात असतं त्याच्या तोंडून शब्द येतो. मी सगळ्यांबरोबर बारामतीला गेले असते, तर घर रिकामं राहिलं असतं, आणि मग कदाचित डॉक्टरांच्या बाकावर, आक्काच्या तोंडून पाचवा शब्द आला असता, आणि आक्कानं तिथंच पप्पांना पकडून सगळं वदवून घेतलं असतं. मी थांबायचं एक कारण हे. ते पूर्ण खरं नाही. तात्या महिनाभर माझ्यामुळे आठवत बसलेत. यादीतले शब्द घेतले असते, तर ते एखादा शब्द सांगून, बाकीचे सोडून, सुटले असते. मी माझं नाव मध्ये घातलं. आणि अजूनही मला ते ऐकायचं आहे. आठ महिने मी ते ऐकलेलं नाही.

घरात आज फक्त माझंच तोंड आहे. म्हणून मी दातांत पेन्सिल आडवी धरली आहे. माझं नाव माझ्याच तोंडून आलं, तर ते त्यांनी म्हटलेलं धरायचं नाही, असं मी ठरवलंय. सुचवू नये.

अकरा वाजले. मी खिडकीतला टायमर आणला आणि पाच मिनिटांचा पीळ दिला. चाचणी करायची तर नीट करायची. आता तो वहीच्या बाजूला टिकटिकतोय.

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. शेजारच्या काकूंची सून कपडे आपटतेय. सगळं रविवारसारखंच आहे.

अकरा वाजून दोन. माझा डावा हात वही धरून ठेवायला होता. तो आता वहीवर नाही. तो टेबलाच्या कडेवर आहे आणि अंगठा बोटावर फिरतोय. मी तो फिरवत नाहीये. बोटांना काहीतरी जाणवतंय, खरखरीत, बारीक. दाणा मोठा आहे. ओल नाही.

अकरा वाजून तीन. वेताच्या खुर्चीचा आवाज आला. माणूस उठताना होतो तो नाही, बसलेला माणूस पुढे वाकल्यावर होतो तो. ऊन तापलं की वेत असा वाजतो. खोलीत सकाळपासून ऊन आहेच.

अकरा वाजून चार. पेन्सिल अजून दातांत आहे. ओठ मिटलेले आहेत, मी उजव्या हातानं चाचपून बघितलं.

आतून हाक आली.

"विजयमाला."

माझ्या तोंडून नाही. खोलीतून, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. पाचही अक्षरं स्पष्ट, एकही न अडखळता. इथून दारातून खुर्चीचा एक हात दिसतो, आणि त्या हातावर

पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मी दिलेली नाही. वहीत पाचव्या रकान्यात बरोबरची खूण करायची आहे, म्हणजे चाचणी पूर्ण होईल. टायमर अजून वाजलेला नाही.

पुन्हा हाक आली. या वेळी शेवटचं अक्षर जरा लांबवून, मी लहान असताना ग्राउंडवरून घरी बोलवायचे तशी.

दुसऱ्या हाकेबद्दल आक्का काहीच बोलली नव्हती. मी पेन्सिल काढून ठेवली आहे.

ओ, तात्या. आलेच. एवढी खूण करते आणि